इंदूर मधोमध: हवाई अंतर आणि वेळेचा फलक, कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

मंडळाच्या वाचनालयात जिन्यासमोरची भिंत रंगवून झाली आणि तशीच रिकामी राहिली. तिथे चार बाय चार फुटांचा फलक लावायचं ठरलं. मधोमध इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, भोवती आपले लोक जातात ती शहरं, प्रत्येकापुढे हवाई अंतर आणि लागणारा वेळ. मागणी ज्येष्ठ मंडळींची आहे. निम्म्यांची मुलं पुण्यात, बाकीच्यांची बेंगळुरू-हैदराबादेत. 'विमानानं किती वेळ लागतो हो?' असं वाचनालयात विचारलं, तर पन्नास मिनिटांपासून सहा तासांपर्यंत काहीही उत्तर मिळतं.

कोषाध्यक्षांनी अडीच हजार मंजूर केले. कामाला मी, इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि विमानतळावर नोकरी करून निवृत्त झालेले शेजारचे काका. आपापल्या गावासाठी असा फलक कुणाला करायचा असेल तर उपयोग व्हावा, म्हणून या नोंदी.

प्रमाण ठरवलं: १ सेंमी म्हणजे २० किमी. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत ६१ सेंमी मिळतात, म्हणजे १,२२० किमी. बेंगळुरू आणि चेन्नई आत बसतात, कोलकाता पावणेचार सेंमीने बाहेर पडतं. कोलकात्यासाठी प्रमाण लहान केलं असतं तर पुणे-मुंबई एकमेकांच्या आणखी जवळ आली असती, म्हणून कोलकात्याला कडेवर बाण. शारजालाही बाणच.

११ जानेवारी

अंतर काढायला दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश लागतात. फोनवर नुसतं 'इंदूर' आणि 'पुणे' टाकलं तर शहराच्या मध्याचे आकडे येतात. राजवाडा ते शनिवारवाडा सरळ रेषेत ५११ किमी भरलं. विमान राजवाड्यावरून उडत नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, साधारण धावपट्टीच्या मध्याजवळ, आणि तोच सगळीकडे छापलेला असतो. तो धरल्यावर अंतर ५०० किमी झालं. अकरा किलोमीटर फक्त 'कुठून कुठे' यातच गेले.

आमचे आकडे: इंदूर २२°४३′१८″ उत्तर, ७५°४८′०४″ पूर्व. पुणे १८°३४′५६″ उत्तर, ७३°५५′११″ पूर्व.

इथेच दुपार गेली. स्प्रेडशीटमध्ये भरताना २२°४३′१८″ हे २२.४३१८ असं उतरवलं गेलं होतं. अंशाचे साठ भाग असतात, शंभर नाहीत; खरा आकडा २२.७२१७. फरक उत्तर-दक्षिण ३२ किमीचा. पण पुण्याचं उत्तर पाहून कुणालाच शंका आली नाही, कारण पुण्याचा आकडाही तसाच भरलेला होता आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन ४९७ उत्तर आलं. दिसायला अगदी शहाणं. नागपूरला बिंग फुटलं: ३८१ यायला हवं तिथे ३९७. तेव्हा एकाच शहराचं उत्तर जुळलं म्हणून तक्ता बरोबर मानू नका. वेगवेगळ्या दिशांची निदान तीन शहरं तपासा.

१४ जानेवारी

सूत्र बसवलं. पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल मानून दोन बिंदूंमधली जमिनीला धरून जाणारी सर्वांत छोटी रेषा काढणारं नेहमीचं सूत्र. स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतात, अंशात दिले तर ती बिनतक्रार काहीतरी भलतंच उत्तर देते. प्रत्येक कोनाभोवती रेडियनचं रूपांतर घातलं आणि गाडी रुळावर आली.

आलेली अंतरं, इंदूरपासून: नागपूर ३८१, पुणे ५००, मुंबई ५०६, दिल्ली ६६३, हैदराबाद ६६९, बेंगळुरू १,०७८, चेन्नई १,१७७, कोलकाता १,२९७, शारजा २,०७८ किमी.

पुणे आणि मुंबई इंदूरहून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. दिल्ली आणि हैदराबादही तसंच. आत्या म्हणाली, 'मुंबई जवळ असणारच, तिकडे विमानं जास्त जातात.' तिळगूळ घेऊन वाद मिटवला, पण ही जोडी लक्षात ठेवली. पुढे वेळेच्या कामात तीच उपयोगी पडली.

पृथ्वी नेमका गोल नाही, ध्रुवांकडे थोडी दबलेली आहे. ते धरून काढलं तर पुणे ४९८.५ किमी येतं. दीड किलोमीटरसाठी डोकं पिकवायचं नाही असं ठरलं. आमच्या प्रमाणात तो फरक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे, पेन्सिलच्या टोकाइतका.

एककांचा घोळ मात्र टाळण्यासारखा. भाच्याच्या ॲपवर इंदूर-पुणे २७० दिसत होतं. ते सागरी मैल, विमानवाले त्यातच मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. साध्या मैलांत तेच ३११. फलकावर फक्त किमी लिहायचं ठरलं.

१९ जानेवारी

प्लायवूड आणलं. आठ बाय चारची अख्खी शीट घेण्यापेक्षा अर्धी कापून मिळाली: ९५० रुपये, कापणीचे १०० वेगळे. प्रायमरचा हात घरीच दिला.

मूळ कल्पना अशी होती की भारताचा तयार नकाशा मोठा छापून चिकटवायचा आणि त्यावर इंदूरभोवती २५० किमीच्या अंतराने वर्तुळं काढायची. छपाईचे ३८० रुपये गेले आणि नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरताना नकाशा कुठेतरी ताणला जातोच. नागपूर वर्तुळात बरोबर बसलं की बेंगळुरू सरकायचं, बेंगळुरू बसवलं की दिल्ली. भिंतीवरच्या नकाशावर मधूनच काढलेली वर्तुळं शोभेची असतात, मापाची नाहीत. शेवटी नकाशा सोडून दिला. कोऱ्या फलकावर इंदूर मध्ये, आणि प्रत्येक शहर खऱ्या अंतरावर व इंदूरहून दिसेल त्या दिशेला. मधून बाहेर सगळी अंतरं अचूक राहतात. दोन बाहेरच्या शहरांमधलं अंतर मात्र या फलकावर मोजायचं नाही. तशी ओळ खाली लिहिली आहे.

वर्तुळांसाठी आधी सुतळी आणि खिळा वापरला. सुतळी ताणते, वर्तुळाची सुरुवात आणि शेवट जुळत नाही. लाकडी पट्टीला भोकं पाडून एका भोकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल, असं केल्यावर काम सुरळीत झालं.

दिशेचं आणखी एक. खजुरी बाजारातून आणलेला शाळेचा कोनमापक इथे पुरत नाही. बेंगळुरू मध्यापासून ५३.९ सेंमीवर आहे. तिथे एका अंशाची चूक म्हणजे जवळपास एक सेंमी, म्हणजे जमिनीवर १९ किमी. म्हणून कोन आखणं सोडलं आणि प्रत्येक शहराचं 'इतके सेंमी पूर्व-पश्चिम, इतके उत्तर-दक्षिण' असं मोजमाप काढलं. पुणे: ९.९ पश्चिमेला, २२.९ दक्षिणेला. बेंगळुरू: १०.४ पूर्वेला, ५२.९ दक्षिणेला. गुण्या आणि पट्टी एवढ्यावर सगळी शहरं संध्याकाळपर्यंत बसली.

२६ जानेवारी

आता वेळ. अंतराचा रकाना दोन बैठकांत झाला. वेळेच्या रकान्याने नुसता छळ मांडला आहे.

जेट विमान वर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास जातं. ५०० भागिले ८३०: छत्तीस मिनिटं. वेळापत्रकात मात्र पुण्याला सव्वा तासाच्या आगेमागे. भाच्याचं म्हणणं, विमान कंपन्या वेळ फुगवतात. थोडी फुगवतातही, उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता यावं म्हणून. पण काकांनी वही घेऊन हिशेब मांडला तेव्हा फुगवटा त्यातला लहान भाग निघाला.

इंदूरची धावपट्टी ०७-२५, म्हणजे ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. पुणे दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे कललेलं. तेव्हा विमान कुठल्याही टोकाने उडालं तरी आधी भलत्या दिशेला जाऊन मग वळतं. पुण्याची धावपट्टी १०-२८, तीही आडवीच, आणि आपण उत्तरेकडून येणार, तिथेही वळसा. उंची गाठायला दीड-दोनशे किमी जातात. उतरताना तीस हजार फुटांवरून खाली यायला साधारण तेवढेच, काकांच्या भाषेत 'हजार फुटांना तीन सागरी मैल'. पाचशेमधून हे वजा करा, पूर्ण वेगाने कापायला उरतात शंभर-दोनशे किमी. शिवाय दार बंद झाल्यावर विमान मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत चालत जाणं, रांग, उतरल्यावर पुन्हा पार्किंगपर्यंत. वेळापत्रकातला वेळ हा जागा सोडल्यापासून जागेवर लागेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेतला वेळ त्याच्या पोटात असतो.

ढोबळ सूत्र ठरलं: अर्धा तास, अधिक अंतर भागिले ८००. उत्तरं: पुणे १ तास ८ मिनिटं, मुंबई तेवढंच, दिल्ली आणि हैदराबाद १ तास २० मिनिटं, बेंगळुरू १ तास ५१ मिनिटं. पंख्याच्या छोट्या विमानाला हे लागू नाही. ते ताशी पाचशेच्या घरात जातं, त्याला अंतर भागिले ५०० अधिक पंचवीस मिनिटं धरली. नागपूर जेटने ५९ मिनिटं, पंख्याच्या विमानाने १ तास ११.

वेळापत्रकाशी ताडून पाहिलं. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू पाच-दहा मिनिटांच्या आत. मुंबई आणि दिल्ली नाही. पुण्याइतकंच अंतर असून मुंबईचा छापील वेळ दहा ते वीस मिनिटं जास्त. सूत्राला त्याचं कारण कळणं शक्य नव्हतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी मोकळ्या वापरता येत नाहीत, आणि येणाऱ्या विमानांना वर रांग लावावी लागते. फोनवर विमानाचा माग पाहत बसलो तर एका संध्याकाळी मुंबईचं विमान उतरण्याआधी घिरट्या घालताना दिसलं. त्या लांबुळक्या फेऱ्या पाहून आत्याची 'जवळची' मुंबई पुन्हा चर्चेत आली.

तेव्हा निर्णय: अंतर सूत्राने, वेळ सूत्राने नाही. वेळापत्रकातला छापील वेळच लिहायचा आणि सूत्र फक्त तपासणीला ठेवायचं. छापील वेळ सूत्रापेक्षा वीस मिनिटांहून जास्त निघाला, तर आधी ते विमान थेट आहे का, मधे कुठे उतरतं का, ते पाहायचं.

२ फेब्रुवारी

छापील वेळावर विश्वास ठेवावा का हे बघायला सदस्यांच्या गटात निरोप टाकला होता: प्रवास करताना विमान सुटल्याची आणि पोचल्याची वेळ कळवा. माहिती भरपूर आली आणि बहुतेक टाकून द्यावी लागली. 'सुटलं' म्हणजे कुणाला दार लागलं, कुणाला विमान हललं, कुणाला चाकं उचलली. एका काकूंनी तर विमानतळावर पोचल्याची वेळ दिली. 'पोचलो' म्हणजे कुणाला टायर टेकले, कुणाला लेकाच्या घरी चहा मिळाला.

नवीन चिठ्ठी छापली. सहा रकाने, प्रत्येकात फक्त घड्याळातली वेळ: घर सोडलं, विमान मागे सरकलं, चाकं उचलली, चाकं टेकली, विमानाचं दार उघडलं, मुक्कामी पोचलो. यात मिनिटं मोजायची नाहीत, वजाबाकी आम्ही करू. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आठवडे वाया गेले नसते.

दिल्लीच्या जानेवारीतल्या नोंदी तशाही बाद केल्या. धुक्याचे दिवस, त्यात प्रजासत्ताक दिनाच्या आधी दिल्लीचं आकाश सकाळी काही वेळ बंद ठेवतात. त्या सरासरीवर वर्षभराचा फलक रंगवणं म्हणजे अन्याय.

इंदूरचं सुदामा नगर ते पुण्याचं कोथरूड या प्रवासाची चिठ्ठी नमुना म्हणून ठेवली आहे. बडा गणपती आणि कालानी नगरवरून विमानतळ: ३५ मिनिटं. तिथे दोन तास आधी, कारण ज्येष्ठ नागरिक. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, पण 'दोन तास' हे आमच्या पिढीत कोरलेलं आहे. ब्लॉक टाइम १ तास १० मिनिटं, त्यातली पन्नास हवेत. सामान हाती येईपर्यंत पंचवीस. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, ते कोथरूड संध्याकाळच्या गर्दीत १ तास ५ मिनिटं. एकूण सव्वापाच तास.

लोहगावहून सुटण्याचा एक पर्याय चिठ्ठ्यांमधूनच कळला. रिक्षाने रामवाडीला जायचं आणि वनाजपर्यंत मेट्रो. मार्च २०२४ पासून ती रामवाडीपर्यंत येते. हातात एक बॅग असेल तर संध्याकाळी हेच बरं. चार बॅगा आणि लोणच्याची बरणी असेल तर नाही.

म्हणून वेळेचे दोन रकाने केले: 'विमानाचा वेळ' आणि 'दारापासून दारापर्यंत'. दुसऱ्यात एक आकडा नाही, पल्ला आहे. पुण्यासमोर 'साडेचार ते सहा तास'.

तुलनेला रस्ता आणि रेल्वे लिहायची सूचना आली. रस्ता सेंधवा, बिजासन घाट, धुळे असा, सुमारे सहाशे किमी, बसची एक रात्र. रेल्वे रतलाम, वडोदरा, सुरत, वसई असा गुजरातचा वळसा घेऊन पुण्याला जाते. इंदूर-मनमाड हा ३०९ किमीचा नवा मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आहे. तो होईल तेव्हा ही ओळ बदलावी लागेल. फलकावर जागा नव्हती, म्हणून रस्ता आणि रेल्वे दोन्ही वगळले. एकाने यावरून नाराजी दाखवली. त्याला वेगळा फलक करायचा असेल तर उरलेलं प्रायमर देतो असं सांगितलं.

९ फेब्रुवारी

शारजाची एक ओळ, पण तिने रविवार खाल्ला. इंदूरहून पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण जुलै २०१९ मध्ये दुबईचं होतं. आता मंडळातले लोक शारजामार्गे आखातात जातात.

सूत्राने ३ तास ६ मिनिटं. पण दोन सदस्यांनी दोन टोकांचं सांगितलं: जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार. दोघांनीही तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी केली होती. आखाताचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा दुपारी बाराला निघालात आणि तिथल्या पावणेदोनला पोचलात, तर प्रवास सव्वातीन तासांचा झाला. येताना तिथल्या तीनला निघून इथे साडेसातला उतरलात, तर तीन तासांचा.

हे उरलेलं पाव तास घड्याळाचं नाही, वाऱ्याचं. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावर पश्चिमेकडून जोरात वारे वाहतात. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. पूर्व-पश्चिम लांब प्रवासाला जाण्या-येण्याचे वेळ वेगळे लिहा. पुण्याला दक्षिणोत्तर जाताना आमच्या चिठ्ठ्यांत असा फरक दिसला नाही.

शारजासमोर लिहिलं: 'जाताना सव्वातीन तास, येताना तीन तास. तिथलं घड्याळ दीड तास मागे.' लांब झालं, पण एकही शब्द काढता आला नाही.

१६ फेब्रुवारी

अक्षरं. विनाइल कापून आणलं तर 'हैदराबाद'च्या मात्रा आणि 'बेंगळुरू'चा ळ वेगळेच होऊन आले. दुकानातल्या संगणकावर मराठीचा फॉन्ट जुळला नव्हता. परत कापून घेतलं. दोन्ही मिळून १,१५०. देताना मजकूर टाइप करून नाही, चित्र म्हणून द्या. एवढं पाळलं असतं तर साडेचारशे वाचले असते.

आकडे मात्र रंगाने किंवा विनाइलने लिहायचे नाहीत हे काकांनी बजावलं. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. विमानाचा प्रकार बदलला तरी वेळ बदलतो. जेटच्या जागी पंख्याचं आलं की नागपूर बारा मिनिटांनी लांब जातं. म्हणून अंतर पक्कं रंगवलं, आणि वेळेच्या दोन्ही रकान्यांत ॲक्रिलिकचे छोटे कप्पे लावले, त्यात चिठ्ठी सरकवायची. ६४० रुपये. रंग आणि ब्रश ४२०.

एकूण: ९५० + १०० + ३८० + १,१५० + ६४० + ४२० = ३,६४० रुपये. मंजुरीपेक्षा १,१४० जास्त. कोषाध्यक्षांनी नकाशाचे ३८० मान्य केले नाहीत, ते माझ्या खिशातून गेले. तो नकाशा भाच्याच्या खोलीत लागला आहे.

२३ फेब्रुवारी

फलक टांगला. वजन अंदाजापेक्षा जास्त निघालं, भिंतीत चार ठिकाणी फास्टनर मारावे लागले. वरची कड उत्तर, हे मोठ्या अक्षरात लिहा. एका आजोबांना वाचनालयाच्या दारातून दिल्ली ज्या बाजूला आहे, तिकडे फलकावर पुणे दिसत होतं आणि ते ऐकायला तयार नव्हते.

पहिल्याच दिवशी लोकांनी अंतराचा रकाना ओलांडून थेट 'दारापासून दारापर्यंत' वाचला. वर्तुळांकडे मुलं बघतात. पुणे-मुंबई एकाच वर्तुळाजवळ कशी, हा प्रश्न आत्याच सगळ्यांना विचारते आणि उत्तरही तीच देते.

बाकी राहिलेलं: हैदराबाद आणि चेन्नईच्या पुरेशा चिठ्ठ्या नाहीत, तिथे सध्या फक्त छापील वेळ आहे. दिल्लीचा 'दारापासून दारापर्यंत' रकाना मुद्दाम कोरा ठेवला आहे, मार्चमधल्या नोंदी आल्यावर भरू. ३० मार्चला उन्हाळी वेळापत्रक लागू होतंय. त्यानंतरच्या रविवारी सगळ्या चिठ्ठ्या काढून नव्या घालायच्या. कोऱ्या चिठ्ठ्या आणि सहा रकान्यांचे नमुने ग्रंथपालांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. प्रवासाला निघताना एक घेऊन जा, आणि आल्यावर त्याच खणात टाका.